बाजारात न आलेल्या कॅसेटी

माळेगावच्या जत्रेत खंडोबाचं देऊळ, घोड्यांचा बाजार, तमाशाच्या कनाती आणि तिरटाचे डाव एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात. नांदेड-लातूर रस्त्यावरचं, लोहा तालुक्यातलं हे माळेगाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून जत्रा भरते. पोलीस दर साली डाव उधळतात आणि दर साली कुठल्या तरी आडोशाला पुन्हा पानं वाटली जातात. जिंकलेला गडी तिकीट काढून तमाशाला बसतो, हरलेला कनातीला फट शोधतो. अमेरिकेत लास वेगासच्या जुगारघरांनी मोठमोठे गायक आणून बसवले ते याच हिशेबाने. माणूस गाण्याला यावा आणि जाता जाता डावाला बसावा. आमच्याकडे क्रम उलटा, एवढाच फरक.

मी जळकोटचा. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर तुळजापूर तालुक्यातही एक जळकोट आहे, ते नव्हे. आमचं जळकोट उदगीरच्या पुढचं, नांदेड जिल्ह्याला खेटून. मी व्हिडिओ शूटिंगला लागलो तेव्हा ते उदगीर तालुक्यातच होतं, स्वतंत्र तालुका पुढे झाला. लग्न, मुंज, बारसं, सत्कार, हे सगळं पोटासाठी केलं. पण रात्रीचे कार्यक्रम मी वेगळ्या कारणाने घ्यायचो. गायन पार्टी, कव्वालीचा मुकाबला, तमाशा, ऑर्केस्ट्रा, भारुड. यातली एकही कॅसेट कधी दुकानात विकायला आली नाही. बऱ्याच माझ्या माळ्यावर आहेत, त्यांहून जास्त लोकांच्या घरात. त्यांचा इतिहास कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

आमच्या गावांत टीव्ही उशिरा आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं खरं, पण मुंबई आम्हाला फार लांब. १९७५-७६ साली उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा सरकारी प्रयोग झाला, त्यात आमच्या शेजारचे गुलबर्गा आणि मेदक हे जिल्हे होते. महाराष्ट्र त्यात नव्हता. सीमेपलीकडचे पाहुणे लग्नात येऊन टीव्हीच्या गप्पा मारायचे आणि आमची माणसं मान डोलवायची. १९८७ ला ‘रामायण’ लागलं, त्या सुमारास गावोगाव अँटेना दिसायला लागले. त्याच्या जरा आधीपासून ‘व्हिडिओ आणणे’ सुरू झालं होतं. उदगीरहून भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, मारुतीच्या पारासमोर टेबलावर ठेवायचा आणि रात्रभर तीन सिनेमे बघायचे. त्यामुळे आमच्याकडे लोकांनी ‘व्हिडिओ’ हा शब्द आधी सिनेमासाठी वापरला आणि मग माझ्यासारख्यांसाठी. ‘ते व्हिडिओवाले आले’ म्हणायचे.

मी शिकलो उदगीरच्या एका स्टुडिओत. पॅनासोनिकचा एम-सात हा खांद्यावर घ्यायचा कॅमेरा, त्यात अख्खी व्हीएचएस कॅसेट बसायची. पुढे एम-तीन हजार आणि एम-नऊ हजार आले. एका कॅसेटवर तीन तास. लग्नाला एक कॅसेट पुष्कळ झाली, पण गायन पार्टी रात्री दहाला सुरू होऊन पहाटे कोंबडं आरवेपर्यंत चालायची. तीन-चार कॅसेटी लागत. एवढे पैसे देणारं गिऱ्हाईक कोण? कार्यक्रमाची कमिटी वर्गणीतून एका कॅसेटीचे पैसे द्यायची. मग कॅमेरावाल्याने ठरवायचं की तीन तास कुठले घ्यायचे. बहुतेक जण सुरुवातीचा सत्कार, हार-तुरे, पुढाऱ्यांची भाषणं घेत आणि गाणं रंगात येईपर्यंत कॅसेट संपलेली असे. मी सत्काराला कॅमेरा डोळ्याला लावून उभा राही, लाल दिवा मात्र बंद. कमिटीतल्या एका आजोबांच्या हे लक्षात आलं होतं. त्यांनी जवळ येऊन कानात विचारलं, “मास्तर, नुसतंच उभं ऱ्हालालाव का?” मी हसलो, तेही हसले. पुढाऱ्याला काही बोलले नाहीत.

गायन पार्टी म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावं लागेल. १४ एप्रिल, अशोक विजयादशमी, बुद्धपौर्णिमा, आणि १९९४ नंतर १४ जानेवारीचा नामविस्तार दिन, या तारखांना वस्तीत स्टेज लागायचं. पेटी, ढोलकी, बेंजो, दोन कोरस. कधी दोन पार्ट्यांचा सामना, एकीकडे गायक, दुसरीकडे गायिका. आधी वंदना, मग बुद्ध-भीमगीतं, मध्यरात्रीनंतर सवाल-जवाब. एकाने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर लोक उठू देत नसत. कव्वालीचा मुकाबला आमच्या निजामी मुलखात जुनाच. युसूफ आझाद, शकीला बानो भोपाली यांच्या रेकॉर्डी आमच्या हॉटेलांत वाजत होत्या. सामन्याचा बाज तिथूनही आला असणार, असं माझं मत.

या सामन्यात नाव झालेल्या गायकांची तबकडी किंवा कॅसेट बाजारात असे. ती मुंबईच्या स्टुडिओत चार-पाच मिनिटांत उरकलेली. तेच गाणं स्टेजवर तासभर चालायचं, कारण मध्ये भेट यायची. एक कडवं झालं की गायक हात वर करून वादकांना थांबवणार आणि चिठ्ठी वाचणार: अमुक गावचे, सध्या मुंबईत गिरणीत कामाला असलेले तमुक यांच्याकडून गायकास अकरा रुपये सप्रेम भेट, त्यांचा मी आभारी आहे. मग तमुकच्या शेजाऱ्याची एकवीसची चिठ्ठी. मग पुन्हा तेच कडवं. तमाशात याला दौलतजादा म्हणतात. तिथे नोट हवेत धरून बाईला जवळ बोलावण्याचा खेळही असतो. गायन पार्टीत तो नाही, तिथे नाव महत्त्वाचं. ज्यांचं नाव गावात कुणी नीट घेत नव्हतं, त्यांचं नाव माइकवरून, मानाने, पूर्ण घेतलं जायचं. अकरा रुपयांत ते मिळत होतं.

एका कंपनीवाल्याला मी एकदा अशी कॅसेट दाखवली. तो म्हणाला, गाणं चांगलं आहे, पण हे चिठ्ठ्यांचं काय करायचं? कापून टाकलं तर चालीचा तुकडा पडतो, ठेवलं तर विकत कोण घेणार? त्याचं धंद्याच्या दृष्टीने बरोबर होतं. माझ्या दृष्टीने त्या चिठ्ठ्याच खऱ्या. आज लावून ऐकतो तेव्हा कळतं की त्या काळी मुखेड-जळकोट भागातली माणसं कुठे कुठे पांगली होती. कोण मुंबईला, कोण हैदराबादला बिगारी, कोण ऊसतोडीला जाऊन आलेला, कोण नवाच मास्तर झालेला आणि म्हणून पन्नासची भेट देणारा. जनगणनेच्या कागदात हे सापडायचं नाही.

१९९५ नंतर आणखी एक अडचण आली, ती कायद्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गीतकाराला, संगीतकाराला, रेकॉर्ड काढणाऱ्याला हक्क होते. स्टेजवर उभं राहून गाणाऱ्याला त्याच्या त्या रात्रीच्या गाण्यावर हक्क नव्हता. १९९४ ची दुरुस्ती मे १९९५ पासून लागू झाली, तेव्हा तो आला. गायकाच्या परवानगीशिवाय त्याचा कार्यक्रम रेकॉर्ड करून विकता येणार नाही, असं ठरलं. हक्काची मुदत आधी २५ वर्षं, पुढे ५० केली. ही दुरुस्ती न्यायाची होती, मी तिच्या बाजूने आहे. गायकाला बिदागी एक रात्रीची द्यायची आणि त्याच्या गळ्यावर दुसऱ्याने जन्मभर कमवायचं, हे कुठवर चालणार? पण आमच्याकडे बिदागी तोंडी ठरायची, कागद कुणी केलेला नाही. गीत एकाचं, चाल दुसऱ्याची, गायक तिसरा, कॅसेटीचे पैसे कमिटीचे आणि कॅमेरा माझा. तेव्हा ही कॅसेट कुणाची? या प्रश्नाचं उत्तर नाही म्हणून ती माळ्यावर.

वेगासचंही असंच झालं, फक्त तिथे रकमा मोठ्या. एल्व्हिस प्रेस्ली ३१ जुलै १९६९ ला तिथल्या इंटरनॅशनल हॉटेलात उभा राहिला आणि १९७६ पर्यंत त्याने त्या एका हॉटेलात सहाशेच्या वर कार्यक्रम केले. १९७० साली एमजीएम कंपनीने त्यातले काही चित्रित करून सिनेमा काढला. उरलेली रिळं कॅन्सास राज्यातल्या मिठाच्या खाणीत ठेवली गेली. खाणीत हवा कोरडी आणि थंड, तिथे फिल्म टिकते. पन्नासेक वर्षांनी दिग्दर्शक बाझ लुहरमनच्या माणसांनी ती रिळं बाहेर काढली आणि २०२५ साली त्यांचा नवा चित्रपट आला. बऱ्याच रिळांना आवाजच नव्हता. आवाज दुसरीकडून शोधून ओठांशी जुळवावा लागला. दुसरी गोष्ट टीव्हीची. जून १९७७ मध्ये सीबीएस वाहिनीने एल्व्हिसचे दोन कार्यक्रम टिपले. ऑगस्टमध्ये तो गेला. ऑक्टोबरात ते एकदा दाखवले गेले आणि नंतर त्याच्या वारसांनी ते अधिकृतपणे बाजारात येऊ दिले नाहीत, कारण त्यात तो सुजलेला, आजारी दिसतो. मला हे पटतं. आमच्याकडे तर गायक म्हातारा झाला, दम लागला तरी उभा राहतो, कारण घरी चूल आहे. ते दृश्य विकायचं नसतं. पण पुसायचंही नसतं.

पुसण्याचं पाप आमच्या एकट्यांचं नाही. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेप परदेशातून यायची, महाग होती, आणि एका कार्यक्रमावर दुसरा चढवला जायचा. लंडनच्या बीबीसीनेही तेच केलं. तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं की काल दाखवलेलं उद्या कुणी मागेल. जे वाचलं त्यातलं थोडं प्रसार भारतीने पुढे काढलं. मोठ्या गवयांचं नशीब त्या मानाने बरं. पण त्यांच्यातही हौसेने न देणारे होते. केसरबाई केरकरांना मैफिलीत रेकॉर्डिंग खपत नसे. लोकांनी लपवून केलं, त्या टेपा अजून शौकिनांच्या कपाटांत फिरतात. आणि त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अंतराळात गेली. ती साडेतीन मिनिटं ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली, आणि मैफिलीतल्या केसरबाई ऐकायला अजूनही ओळख काढावी लागते.

तमाशाचं शूटिंग हा वेगळाच प्रकार. तिथे गायिकेची हरकत नसे, प्रेक्षकांची असे. सनगन पेटवून कॅमेरा लोकांकडे फिरवला की पुढच्या चार रांगांतले फेटे खाली वाकत, उपरणी तोंडावर येत. घरी सांगून आलेले असत उदगीरच्या बाजाराला. कॅसेट गावात फिरणार, बायको बघणार. एका सरपंचाने मला मध्यंतरात बाजूला घेऊन ‘तेवढं माझं काढून टाका’ म्हणून सांगितलं, मी काढून टाकलंही. संगीत बारीच्या बैठकीत तर कॅमेरा न्यायचं नावच नको. बंद खोली, मोजकी गिऱ्हाइकं, प्रत्येकाला आपला चेहरा लपवायचा. बैठकीच्या लावणीचं अस्सल गाणं तिथेच होतं आणि तिथलं काहीच टेपवर आलं नाही. यमुनाबाई वाईकरांसारख्या मोजक्या जणींना संगीत नाटक अकादमीचा मान मिळाला, पद्मश्री मिळाली, त्यांचं गाणं वेगळं बसवून रेकॉर्ड झालं. पुढे सावित्री मेधातुल यांनी ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट केला आणि भूषण कोरगावकरांनी ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा त्या खोल्यांचं दार जरा किलकिलं झालं. तरी गिऱ्हाइकासमोरचं गाणं आणि कॅमेऱ्यासमोरचं गाणं यांत फरक असतोच. गिऱ्हाईक पैसे देतं आणि चूकही काढतं.

आता थोडं आमच्या कामाचं, कारण त्याशिवाय या कॅसेटींचं काय होणार ते कळायचं नाही. आवाज दोन तऱ्हांनी घेता येतो. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर ओढायची, तिला आम्ही ‘लाइन घेणे’ म्हणतो. किंवा कॅमेऱ्याच्या माइकवर सोडून द्यायचं. लाइन घेतली की गायक स्वच्छ येतो, पण टाळ्या नाहीत, चिठ्ठी देताना खालून आलेली आरोळी नाही, पोरांची रडारड नाही. माइकवर घेतलं की ढोलकी फाटते, पण अख्खी वस्ती येते. मी शिकलो ते लाइन घ्यायला. पुढे मी जाणूनबुजून माइकवर घ्यायला लागलो आणि साउंडवाले खूश झाले, कारण त्यांच्या मिक्सरला कुणी हात लावलेला त्यांना आवडत नसे.

व्हीएचएसच्या फितीत चित्र मधल्या भागात तिरप्या रेघांनी असतं आणि साधा आवाज अगदी कडेच्या बारीक पट्टीत. फीत कुठेही दुमडली, चुरगळली, तर पहिली कड जाते. म्हणजे चित्र दिसतं आणि गाणं गेलेलं असतं. आमच्याकडे उन्हाळा ४२-४३ अंशांचा, वर पत्रे, आणि पावसाळ्यात भिंतीला ओल. फितीवर पांढरी बुरशी येते. ती तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर हेड बसतं आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. मशीन तर आता नवं मिळतच नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं, बनवणारी ती शेवटचीच होती. माझ्याकडे दोन आहेत, एकाचे भाग काढून दुसरा चालवतो.

२००० साल आमच्या कॅसेटींच्या मधोमध बांधासारखं पडलंय. त्या वर्षी ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहानंतर भोंगा बंद झाला. वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंतची सवलत पुढे मिळाली. झोपणाऱ्याचा, आजाऱ्याचा विचार केला तर नियम चुकीचा म्हणता येणार नाही. पण सवाल-जवाब मध्यरात्रीनंतर सुरू व्हायचे, आणि तमाशाचा वगही. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी होईपर्यंत दहा वाजले तर वगाला वेळच उरत नाही. पोलीस आता येतील म्हणून गायक पहिल्या तासात सगळी गाजलेली गाणी उरकायला लागले. माझ्या कॅसेटी क्रमाने लावल्या तर हे उघड दिसतं: १९९८ च्या कॅसेटीत पहाटेचा उजेड आहे, पाच-सात वर्षांनंतरच्या कॅसेटीत रात्रीचे सव्वादहा वाजताच खुर्च्या उचलणारी पोरं आहेत. रात्रभराचा सामना कसा चढत जायचा हे नव्या गायकाला दाखवायचं असेल, तर त्याला जुनी कॅसेट दाखवावी लागेल, दुसरा मार्ग नाही.

२००४ च्या मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. मग लोक माझ्याकडे यायला लागले, कुणाकडे त्यांचा कुठला कार्यक्रम आहे का विचारत. माझ्याकडे नव्हता. वामनदादा गावोगाव फिरले, हजारो गाणी लिहिली, आणि त्यांच्या फिरतीच्या मानाने टेपवर किती आलं? २०१० साली विठ्ठल उमप नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रम सुरू असतानाच गेले. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर तालुक्यापुरतं नाव असलेल्या, दिवसा मोलमजुरी करून रात्री गाणाऱ्या गायकाचं काय? त्याची कॅसेट कंपनीने कधी काढलीच नाही. त्याचा आवाज असला तर अशा कॅसेटीवरच.

दोन कामं झाली, ज्यांच्याकडे बघून हुरूप येतो. आनंद पटवर्धनांनी शाहीर विलास घोगरेंना ‘हमारा शहर’साठी ऐंशीच्या दशकात टिपलं होतं. १९९७ ला घोगरेंनी जीव दिला, त्यानंतर पटवर्धन चौदा वर्षं कॅमेरा घेऊन शाहिरांच्या मागे फिरले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ झाला. दुसरं काम आमच्या मराठवाड्यातही झालं. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. बर्नार्ड बेल यांनी १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बायकांच्या आवाजात त्या टेपवर घेतल्या. टेपा वीसेक वर्षं पडून होत्या. मग ‘पारी’ या संस्थेने त्या लोकांसाठी खुल्या केल्या. प्रत्येक ओवीखाली गाणारणीचं नाव, गाव, तालुका. जमेल तिथे पुन्हा गावात जाऊन त्या बायकांना, त्यांच्या घरच्यांना भेटूनही आले. न निघालेलं रेकॉर्डिंग काढायचं तर असं काढावं. विकायचं नाही आणि गाणाऱ्याचं नाव खायचं नाही.

आज मोबाइलवर प्रत्येक कार्यक्रम शेकडो हातांनी टिपला जातो, त्यावर मला फार सांगायचं नाही. अर्ध्या मिनिटाचे तुकडे असतात आणि फोन बदलला की जातात.

तेव्हा जळकोट, मुखेड, कंधार, अहमदपूर, उदगीर भागातल्या मंडळींना विनंती आहे. १९८५ ते २००५ च्या दरम्यानची जयंतीची, उरुसाची, जत्रेची कॅसेट घरात असेल तर व्हीसीआरमध्ये घालू नका, उन्हात वाळवू नका, पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी ठेवा. वरच्या चिकटपट्टीवर काय लिहिलंय ते वहीत उतरवून घ्या, कारण शाई फितीच्या आधी उडते. गायक कोण, गाव कुठलं, पेटीवर कोण होतं, हे सांगणारी माणसं साठीच्या पुढे गेलीत, त्यांना या दिवाळीच्या आत विचारा. प्रत निघाली की पहिली गायकाच्या घरी द्या, मग बाकीच्यांना. आणि माळेगावला जिल्हा परिषदेचा लोककलेचा मंडप दर साली लागतोच. त्यात एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि विजेचा एक पॉइंट कॅसेटींसाठी द्यावा. व्हीसीआर मी घेऊन येतो.